लेकराला मायजवळ बसवायचे पैसे कसले घेता?

27 एप्रिल 2017 रोजी शिमल्याहून 'उडान' योजनेचे पहिले विमान उडाले. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादची सेवाही सुरू झाली. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असे पंतप्रधान त्या दिवशी म्हणाले. तासाभराच्या उड्डाणाला साधारण 2,500 रुपये भाडे, तेही विमानातल्या ठरावीक जागांपुरते, अशी ती योजना. औंढा नागनाथहून वसमतमार्गे नांदेड साठेक किलोमीटर. म्हणजे सरकारच्या हिशोबाने विमान आपल्या दारात आले.

आम्ही या घोषणेची टिंगल करत नाही. आपली माणसे खरोखरच विमानात बसू लागली आहेत. हैदराबाद, पुणे, बंगळूरला नोकरीला लागलेली पोरे-पोरी आई-वडिलांना तिकडे नेतात. कोणी बोधगयेला जातो, कोणी उपचारासाठी मुंबई गाठतो. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर आपली पोरगी इंग्लंडला शिकायला जाते. घरातून विमानात बसणारी ही पहिलीच पिढी आहे. आणि नेमका याच पिढीच्या खिशात विमान कंपन्यांनी हात घातला आहे. तिकिटाचे पैसे भरून झाल्यावर त्या म्हणतात, मायलेकरांना शेजारी बसायचे असेल तर आणखी पैसे टाका.

आमचे म्हणणे सरळ आहे. सोबत प्रवास करणाऱ्या माणसांनी सोबत बसणे ही चैन नाही. ते तिकिटातच आले. त्याचे वेगळे पैसे घेणे म्हणजे माणसाच्या अज्ञानावर आणि भीतीवर लावलेला कर आहे.

हे पैसे नेमके कशाचे?

ज्यांनी कधी विमानाचे तिकीट काढले नाही त्यांच्यासाठी आधी हा धंदा समजावून सांगतो. मोबाइलवर तिकीट काढताना भाडे एक दिसते. नावे, वये भरली की पुढच्या पानावर विमानाचा नकाशा उघडतो. त्यात रंगीबेरंगी चौकोन. प्रत्येक चौकोनावर किंमत. खिडकीला एक, पुढच्या रांगेला दुसरी, पाय पसरायला जागा असलेल्या सीटला तिसरी. जागा न निवडता पुढे जायचा रस्ताही असतो, पण तो कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पहिल्यांदा तिकीट काढणाऱ्याला वाटते, सीट निवडली नाही तर सीट मिळणारच नाही. तो घाबरून पैसे भरतो.

ज्याने भरले नाहीत त्याला नंतर संगणक जागा देतो. एकाच तिकिटावरच्या चार जणांना चार रांगांत टाकले गेल्याचे अनुभव आपल्या ओळखीत कितीतरी जण सांगतात. एकाच तिकिटाला एकच पीएनआर नंबर असतो. म्हणजे ही चार माणसे सोबतची आहेत हे कंपनीला पहिल्या मिनिटापासून माहीत असते. त्यांना जवळजवळ बसवायला कंपनीला जादा इंधन लागत नाही, जादा कर्मचारी लागत नाही, एक स्क्रूसुद्धा जादा लागत नाही. तोच संगणक, त्याच सीटा. मग पैसे कशाचे? ताटातूट होईल या धास्तीचे. धास्ती कंपनीच घालते आणि तिच्यावरचा उताराही कंपनीच विकते.

भाडे कसे ठरवावे हे विमान नियम, 1937 मधला नियम 135 सांगत आला आहे. सेवेचा खर्च, सेवेचे स्वरूप आणि वाजवी नफा या गोष्टी त्याने मोजायला लावल्या. आता मायलेकरांना शेजारी बसवण्याचा खर्च किती, हे एखाद्या कंपनीने कागदावर मांडून दाखवावेच.

'ज्याला हवे त्यानेच पैसे भरावेत'

कंपन्यांचे आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, पूर्वी सगळे एकत्र धरून तिकीट महाग होते. आता जेवण वेगळे, सामान वेगळे, जागा वेगळी. ज्याला जे हवे त्याचेच पैसे तो भरतो, त्यामुळे मूळ तिकीट स्वस्त राहते आणि गरिबालाच फायदा होतो.

या म्हणण्यात काही तथ्य आहे, ते नाकारायचे कारण नाही. उंच माणसाला पाय पसरायला जास्त जागा हवी असेल, कोणाला पहिल्याच रांगेत बसून लवकर उतरायचे असेल, तर त्याने जादा पैसे भरावेत. आमची तक्रार नाही. जेवण नको असणाऱ्याने जेवणाचे पैसे का भरावेत, हेही बरोबर आहे. पण आठ वर्षांच्या लेकराने आईजवळ बसणे हे जेवणासारखे 'हवे तर घ्या, नको तर सोडा' आहे काय? कोणती आई म्हणेल की यावेळी पैसे वाचवू, लेकरू बसू दे अनोळखी माणसांच्या मधे? जिथे नाही म्हणायची सोय नाही, तिथे निवड कसली? नाही म्हणता येत नाही अशा ठिकाणी मागितलेल्या पैशाला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे, तो सगळ्यांना माहीत आहे.

आणि हे करता येत नाही असेही नाही. आपल्या यष्टीत खिडकीजवळ बसले म्हणून कंडक्टर जादा तिकीट फाडत नाही. रेल्वेचा संगणक ज्येष्ठ नागरिकांना आणि 45 वर्षांवरच्या बायांना, जागा शिल्लक असेल तर, न मागता खालचा बर्थ देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. कोट्यवधी प्रवाशांच्या रेल्वेला जे जमते ते दीडशे-दोनशे सीटांच्या विमानाला जमत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

खिसा कोणाचा कापला जातो?

हिशोब करून बघू. समजा एका सीटचे 300 रुपये. घरातली पाच माणसे: म्हातारी आई, नवरा-बायको, दोन लेकरे. जाताना 1,500, येताना 1,500. झाले 3,000. 'उडान'च्या ज्या एका तिकिटाचा एवढा गाजावाजा झाला, त्याच्याहून जास्त रक्कम केवळ शेजारी बसण्यात गेली. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे एका सीटला एक दिवसाची मजुरी, आणि कुटुंबाच्या जाण्यायेण्याला जवळपास दहा दिवसांची. तो पोरगा आज कंपनीत नोकरीला असेल, पण त्याची माय काल-परवापर्यंत कोणाच्या तरी शेतात खुरपत होती. घरातल्या पैशाला अजून त्या मजुरीचेच माप आहे.

आता दुसरी बाजू बघा. हे पैसे कोण भरत नाही? जो महिन्यातून चार वेळा उडतो तो. त्याला कोपऱ्यातले बारीक अक्षर कुठे आहे ते पाठ असते. चेक-इन केव्हा उघडते, काउंटरवर काय बोलायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याच्या कंपनीचे कार्ड असते, त्यावर चांगली सीट फुकट असते. भरतो कोण? ज्याला हे कोणी सांगितलेले नाही तो. ज्याच्या बापाने, आज्याने विमान फक्त आभाळात बघितले तो. माहिती वारशाने मिळते मित्रांनो, आणि ती कोणाला मिळाली, कोणाला मिळाली नाही, याचा इतिहास आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ऑनलाइन ग्राहकाला फसवण्याचे 13 प्रकार त्यात दिले आहेत. आधी कमी किंमत दाखवून मग एकेक रक्कम वाढवत नेणे हा त्यातला एक. कंपनीला सोयीचे बटण मोठे आणि ग्राहकाच्या सोयीचे बटण लपवून ठेवणे हा दुसरा. सीटच्या नकाशाचे पान उघडा आणि हे दोन प्रकार समोर ठेवून ते पान तपासा. आम्ही वेगळे काही सांगायची गरज पडणार नाही.

कुठे बसायचे हा प्रश्न आपल्याला नवा नाही

औंढ्याच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. त्याची गोष्ट इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना उठवून मागे पाठवले, आणि मग देऊळच फिरले, असे सांगतात. देऊळ फिरते यावर आमचा विश्वास नाही. पण समोर बसलेल्या शिंप्याच्या पोराला उठवून मागे पाठवणारे होते, यावर विश्वास ठेवायला आम्हाला चमत्काराची गरज लागत नाही.

1901 साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यासोबत साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांकडे गोरेगावला जायचे होते. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळली तसे बैलगाडीवाले मागे सरकले. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की भाडे दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

आम्ही या दोन गोष्टी एका मापाने मोजत नाही. सीटचे पैसे मागणे म्हणजे अस्पृश्यता नव्हे, आणि तसे म्हणणे हा मसूरच्या त्या रात्रीचा अपमान होईल. पण त्या प्रसंगातून आपण एक गोष्ट शिकलो आहोत. भाडे भरले म्हणून प्रवाशाला माणसाची वागणूक आपोआप मिळत नाही, ती मागून घ्यावी लागते. आणि ज्याची गरज मोठी, ज्याचा बोलवता कोणी नाही, त्याच्याकडूनच दुप्पट काढले जाते. तेव्हा जात विचारून काढत. आज जात विचारत नाहीत, अज्ञान आणि अडचण बघून काढतात. अज्ञान आणि अडचण या देशात कोणाच्या वाट्याला जास्त आली, हे तुम्हीच सांगा.

कागदावर नियम आहे, सीटवर नाही

आता महत्त्वाची गोष्ट. हा नियम आपल्या प्रत्येक वस्तीत पोचला पाहिजे.

नोव्हेंबर 2018 मध्ये इंडिगोने वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटांना पैसे लागतील असे सांगितले, तेव्हा देशभर ओरड झाली. मंत्रालयाने 'तपासतो' म्हटले. पुढे वर्षे गेली. एप्रिल 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमान कंपन्यांना आदेश दिला की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकासोबत जागा द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. पसंतीच्या जागेसारख्या जादा सेवा प्रवाशाने मागितल्या तरच द्यायच्या, त्या सक्तीच्या नाहीत. ज्याने सीट निवडली नाही त्याला सीट आपोआप मिळाली पाहिजे. हे सगळे त्या परिपत्रकांत आहे.

मग आपल्या माणसाकडून पैसे कसे जातात? कारण त्या रंगीत नकाशाच्या पानावर हा नियम ठळक अक्षरात कुठे लिहिलेला असतो? मराठीत तर विसराच. ज्याला नियम माहीत नाही, त्याच्यासाठी तो नियम नसल्यातच जमा.

हे दुखणे आपल्या ओळखीचे आहे. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळेही खुले केले, कागदावर. पाण्याला हात कधी लागला? 20 मार्च 1927 ला, बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर चालत गेले तेव्हा. मधली तीन वर्षे ठराव फायलीत होता आणि माणसे तहानलेली होती. महाडने आपल्याला हे शिकवले की हक्क परिपत्रकाने मिळत नाही, बजावल्याने मिळतो. प्रश्न पाण्याएवढा मोठा असो की सीटएवढा लहान, रीत तीच आहे.

तेराव्या वर्षी लेकरू मोठे होते काय?

नियम आहे म्हणून आम्ही गप्प बसणार नाही, कारण नियमही अपुरा आहे.

12 वर्षे पूर्ण झालेली पोरगी 13 व्या वर्षी दोन अनोळखी पुरुषांच्या मधल्या सीटवर बसू शकते, असे कोणाला वाटले? 'किमान एक पालक' म्हणजे दोन लेकरे असलेल्या बाईने काय करायचे, एक लेकरू जवळ, दुसरे नवऱ्यासोबत दहा रांगा मागे? आणि आपली म्हातारी माय? तिला अक्षर ओळखत नाही. पट्टा कसा लावायचा, कानात दडे बसले तर काय करायचे, संडासाचे दार कुठे ढकलायचे, हवाई सुंदरी इंग्रजी-हिंदीत काय बोलते आहे, हे तिला कोण सांगणार? तिचा पोरगा त्याच विमानात आहे, पण लांबच्या रांगेत. नियमाच्या पुस्तकात तिचा उल्लेखच नाही, कारण नियम लिहिणाऱ्याच्या घरात पहिल्यांदा विमानात बसणारी म्हातारी नसावी.

कॅनडाने 2019 साली नियम केला. पाच वर्षांखालचे मूल पालकाच्या अगदी शेजारच्या सीटवर. 5 ते 11 वर्षांचे मूल त्याच रांगेत, मध्ये फार तर एक सीट. 12-13 वर्षांचे मूल फार तर एक रांग पुढेमागे. त्यासाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत. अंतर मोजून लिहिले की पळवाट राहत नाही.

'बाजारात सरकारने ढवळाढवळ करू नये' असे म्हणणाऱ्यांना आम्ही आठवण देतो. मे 2020 पासून ऑगस्ट 2022 पर्यंत याच सरकारने विमानभाड्याला खालची आणि वरची मर्यादा लावली होती. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणे धडाधड रद्द झाली आणि भाडी आभाळाला भिडली, तेव्हाही सरकारने मर्यादा ठरवून दिली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये. म्हणजे मनात आले की हात घालता येतो. ज्या बाजारात एकाच कंपनीकडे देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी आहेत, तिथे 'पटत नसेल तर दुसरीकडे जा' हा सल्ला कोणाला देता? नांदेडसारख्या ठिकाणी दुसरीकडे म्हणजे रेल्वे स्टेशन.

'मोठे प्रश्न सोडून हे काय?'

आपल्यातलेच काही जण म्हणतील, ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरे शाळेबाहेर आहेत, ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही विमानाच्या सीटवर लिहिता?

त्या प्रश्नांवर आम्ही लिहितो, रस्त्यावरही उतरतो, ते थांबणार नाही. पण विमान हे 'त्यांचे' आहे, आपण त्यात पाहुणे आहोत, हा न्यूनगंड आधी टाका. धम्मदीक्षेसाठी ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला विमानानेच आले होते. आज आपल्याच औंढा तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी मोजणारी प्रयोगशाळा उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने तिला 2,600 कोटी मंजूर केले. तिच्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ विमानाने येतील. आपल्या वस्तीतली पोरेही उद्या त्या विज्ञानासाठी विमानाने जगात जावीत, ही आमची इच्छा आहे. जाताना त्यांनी पाहुण्यासारखे अंग चोरून नव्हे, प्रवाशासारखे ताठ बसावे.

आणि एक कडू बोल आपल्या शिकल्या-सवरलेल्यांना. तुम्ही 300 रुपये गुपचूप भरून मोकळे होता. 'जाऊ द्या, कोण वाद घालणार?' तुम्हाला परवडते. पण तुमच्या मागून येणाऱ्या ज्या बाईला परवडत नाही, तिच्यासाठी रस्ता तुम्हीच महाग करून ठेवता. 'पे बॅक टू सोसायटी' म्हणजे 14 एप्रिलची वर्गणी एवढेच नव्हे. आपल्याला कळलेली गोष्ट वस्तीतल्या शेवटच्या माणसाला सांगणे, हीसुद्धा समाजाची परतफेड आहे.

काय मागायचे, काय करायचे

आमच्या मागण्या अशा:

1. एकाच पीएनआरवरच्या प्रवाशांना, वय काहीही असो, जागा शिल्लक असेपर्यंत जवळजवळ बसवावे. त्यासाठी एक रुपयाही घेऊ नये.
2. 18 वर्षांखालील मुले आणि 60 वर्षांवरील प्रवासी यांची सोबतच्या माणसापासून ताटातूट होणार नाही, असा स्पष्ट नियम करावा. अंतर मोजून लिहावे.
3. 'सीट न निवडता पुढे जा' हे बटण पैसे भरण्याच्या बटणाएवढेच मोठे असावे, आणि 12 वर्षांचा नियम त्याच पानावर लिहावा.
4. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विमानतळावर, नांदेडलाही, प्रवाशांच्या हक्कांचा फलक मराठीत लावावा.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत तुम्ही एवढे करा. घरातल्या सगळ्यांचे तिकीट एकाच पीएनआरवर काढा. लेकरांची वये बरोबर भरा. सीटचा नकाशा आला की घाबरू नका, पैसे न भरता पुढे जायचा रस्ता शोधा. तिकीट आहे म्हणजे सीट आहेच. चेक-इन उघडले की लगेच करा. लेकरू लांब पडले तर विमानतळावर काउंटरला जा आणि शांतपणे सांगा, '12 वर्षांपर्यंतच्या मुलाला पालकासोबत बसवायचा डीजीसीएचा आदेश आहे, तुमच्याकडे त्याची नोंद दाखवा.' पैसे घेतलेच तर पावती आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. 'एअरसेवा'वर तक्रार करा, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. एकट्याची तक्रार हरवते, शंभर तक्रारी हरवत नाहीत. बुद्धविहारात, वाचनालयात, अभ्यासिकेत हा नियम मराठीत छापून भिंतीवर लावा.

शिका हे बाबासाहेबांनी पहिले सांगितले, ते उगाच नाही. ज्याला नियम ठाऊक आहे त्याच्याकडून धास्तीचे पैसे काढता येत नाहीत.

जय भीम! जय संविधान!